दुसरे धातुशोधक यंत्र

कावेरीच्या गाळाने घडलेल्या प्रदेशात, कुंभकोणम्‌ला लागूनच, दारासुरम् हे गाव आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधविलेले ऐरावतेश्वर मंदिर येथेच आहे. 2004 मध्ये त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. गावात रेशमाचे माग चालतात. जवळच्या स्वामिमलै येथे स्थपती आजही मेणाच्या प्रतिकृतीवरून पंचधातूच्या मूर्ती ओततात, आणि कुंभकोणम्‌ची पितळी भांडी प्रसिद्धच आहेत. शतकानुशतके धातूचे काम होत आलेल्या अशा भूमीत छंद म्हणून धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्याला संकेत मिळत नाहीत अशी तक्रार करावी लागत नाही. संकेत फार मिळतात, हीच खरी अडचण होय. पहिले यंत्र ऐन वेळी बंद पडल्यास हाताशी असावे म्हणून दुसरे घेताना ही गोष्ट विसरता कामा नये.

छंदिष्टांची बहुतेक यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात. काठीच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाह जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती विलंबाने येतो त्यावरून लोखंड कोणते आणि तांबे किंवा चांदी कोणती, याचा अंदाज करता येतो. लहान वस्तूच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले की प्रतिसाद सुमारे चौसष्टपटींनी क्षीण होतो. म्हणूनच एखादे नाणे वीतभर खोलीपर्यंत सापडते, हातभर खोलीवर मात्र सापडत नाही. आणि जाहिरातीत खोलीचे जे आकडे दिलेले असतात त्यांवर फारसे विसंबू नये.

यंत्र धातू ओळखते, वय ओळखत नाही. गेल्या वर्षी फेकलेला पितळी दिव्याचा तुकडा आणि आठशे वर्षांपूर्वीचा ब्राँझचा तुकडा यांचे उत्तर त्याच्या लेखी जवळजवळ सारखेच असते. भोवतालचा धातूही त्याला फसवितो. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने असेच एक उपकरण वापरले. गोळी मिळाली नाही. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात. शिवाय वैद्यांना गोळी ज्या उजव्या बाजूस आहे असे वाटत होते, तीच बाजू प्रामुख्याने तपासण्यात आली होती. गोळी डावीकडे होती.

आता निवडीकडे वळू. पुष्कळ जण पहिल्या यंत्राचीच स्वस्त आवृत्ती घेतात. दिवस वाया जाऊ नये एवढाच हेतू असेल तर ते ठीक आहे, परंतु मग पहिले जेथे चुकते तेथेच दुसरेही चुकते. स्पंद पद्धतीचे यंत्र वेगळ्या रीतीने चालते. ते विजेचे क्षणिक झटके सोडते आणि धातूतील प्रवाह विरण्यास किती वेळ लागतो ते पाहते. खाऱ्या वाळूत किंवा कोकणातील जांभ्यासारख्या लोहयुक्त जमिनीत ते सरस ठरते, पण लोखंड वेगळे काढण्यात ते कच्चे असते. दारासुरम्‌सारख्या जुन्या वस्तीत, जेथे खिळे, फाळाचे तुकडे आणि बाटल्यांची बुचे पावलोपावली आहेत, तेथे त्याचा धनी दिवसभर खिळेच उकरीत राहील. येथे पूरक यंत्र पहिल्याच तत्त्वाचे, पण वेगळ्या वारंवारतेचे असावे: कमी वारंवारता चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तूंना अनुकूल असते, अधिक वारंवारता सोन्याच्या बारीक दागिन्यांना. तबकडीत पाणी शिरू नये, कारण शेते भाताची आहेत. कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या साध्या बॅटरीवर ते चालावे; अनेक गुणांपेक्षा हा एक गुण ऐन वेळी अधिक उपयोगी पडतो.

दांडीच्या दोन टोकांना दोन पेट्या असलेले यंत्र अनेकांना मोहात पाडते. ते लहान वस्तूंकडे दुर्लक्ष करते आणि हंडा किंवा मूर्ती यांसारखी मोठी वस्तू अधिक खोलीवर हुडकते. नेमक्या याच कारणास्तव छंदिष्टाने ते घेऊ नये. या प्रदेशात संकटकाळी देवांच्या उत्सवमूर्ती जमिनीत पुरून ठेवीत असत; तिरुवेंकाडू येथे भूमीतून निघालेली, 1011 मधील वृषभवाहन शिवाची मूर्ती तंजावरच्या मराठा राजवाड्यातील कलादालनात पाहावयास मिळते. सगळ्याच मूर्तींच्या नशिबी असे दालन नव्हते. त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे 1976 मध्ये खोदकाम करताना एका मजुराला नटराज सापडला. तो गुपचूप विकला गेला आणि लंडनला पोचला; 1982 मध्ये एका कॅनेडियन कंपनीने तो विकत घेतला. मूर्ती पत्तूरच्याच मंदिराची, हे दाखविण्यासाठी इंग्लंडच्या न्यायालयात तिच्या घडणीचा आणि धातूचाच नव्हे, तर तिला चिकटलेल्या मातीचा आणि वाळवीच्या खुणांचाही विचार झाला. 1991 मध्ये ती भारतात परतली. कोणी हौसेने ती घासूनपुसून लख्ख केली असती, तर त्या पुराव्याचे काय झाले असते?

संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्यावाचून उत्खनन करणे हा अपराध आहे. अन्यत्र, जमिनीच्या मालकाच्या संमतीने हिंडतानाही 1878 चा निखात निधी अधिनियम लागू होतो. मूळ कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास कलेक्टरला लेखी खबर द्यावी लागते. ती न देणाऱ्याचा निधीतील वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. तेव्हा मोठ्या वस्तूचा संकेत मिळताच कुदळ बाजूला ठेवावी, जागा झाकावी आणि खबर द्यावी.

शेतात हरवलेली अंगठी किंवा पैंजण शोधणाऱ्याने उरलेल्या पैशांत एक हातशोधक घ्यावा. गाजराएवढे हे उपकरण खड्ड्यात धरले की वस्तू नेमकी कोणत्या बाजूस आहे ते कळते, खुरप्यावर काम भागते आणि भाताची रोपे उपटावी लागत नाहीत.