पाचशेची मर्यादा, दीडशेचं ऑफिस

डिरेक्टरी एजंट बसवणं हे दिसायला अगदी सोपं काम आहे. सेटअप चालवायचा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यायचा, चार वेळा ‘नेक्स्ट’ दाबायचं. ऑफिसच्या सर्व्हरवरची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी क्लाउडवरच्या खात्यांशी जुळते आणि मेल, टीम्स, फाइली सगळं एका पासवर्डवर चालू लागतं. अलिबागसारख्या जिल्ह्याच्या गावी हे काम बहुधा एकच माणूस करतो. प्रिंटर, टॅली आणि सीसीटीव्हीही त्याच्याच गळ्यात असतात. लॉगिन झालं की तो पुढच्या कामाला पळतो. मी त्याला तिथेच थांबवू इच्छितो. सेटअपमधलं प्रत्येक आयतं उत्तर एक विशिष्ट ऑफिस गृहीत धरून दिलेलं असतं: हजारो खाती, न जाणारी वीज, दोन इंटरनेट लाइनी आणि चोवीस तास पडद्यासमोर बसलेला माणूस. आपलं ऑफिस तसं नसेल, तर ती उत्तरंही आपली नव्हेत.

मायक्रोसॉफ्टचा एन्ट्रा कनेक्ट घ्या. दर तीस मिनिटांनी तो इथले बदल वर पाठवतो. खाती चुकून उडू नयेत म्हणून त्यात एक अडसर आधीपासून चालू असतो: एका फेरीत 500 पेक्षा जास्त नोंदी डिलीट होणार असतील, तर तो त्या पाठवणं थांबवतो आणि अ‍ॅडमिनला मेल टाकतो. ऐकायला भक्कम वाटतं. पण 150 माणसांच्या ऑफिसात हा अडसर कधी आड येणारच नाही. सिंक करायच्या ओयूंच्या (डिरेक्टरीतल्या खात्यांच्या कप्प्यांच्या) यादीतली एक टिक कोणी काढली, तर दीडशेच्या दीडशे खाती पुढच्या फेरीत क्लाउडवरून जातील आणि मर्यादा ओलांडली गेली नाही म्हणून एजंट गप्प राहील. पॉवरशेलच्या एका आदेशाने ही मर्यादा बदलता येते. दीडशेच्या ऑफिसात ती दहावर आणावी असं माझं मत आहे. वर्षातून एकदा मोठी साफसफाई करताना अडेल, तेव्हा मुद्दाम वाढवावी. यावर कोणी म्हणेल, डिलीट झालेली खाती 30 दिवस परत आणता येतात, मग एवढी चिंता कशाला? परत येतात हे खरं. पण मार्चअखेरीला, चलनं भरायच्या दिवशी, सगळ्यांचं मेल आणि फाइली बंद पडल्या तर त्या सोयीचा काय उपयोग? शिवाय इथल्या सर्व्हरवरच खातं उडालं असेल तर परतीची वाट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या रिसायकल बिनमधून जाते. ही सोय विंडोज सर्व्हर 2008 आर2 पासून आहे, मात्र ती आपणहून चालू करावी लागते, आणि चालू करण्याआधी उडालेलं तिच्यातून परत मिळत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि किनाऱ्यावर तो गौण नाही. पासवर्ड तपासायचा कुठे, याचे दोन प्रमुख पर्याय असतात. पास-थ्रू ऑथेंटिकेशनमध्ये क्लाउडवरचं लॉगिन तपासायला तुमच्या ऑफिसातल्या एजंटकडे येतं. पासवर्ड हॅश सिंकमध्ये तपासणी वरच होते. पुष्कळ संस्थाचालक पहिला पर्याय मागतात, कारण ‘पासवर्ड ऑफिसबाहेर जाता कामा नये’. भावना रास्त आहे, पण वर पासवर्ड जातच नाही. जातो तो हॅशवर सॉल्ट टाकून, 1,000 वेळा फिरवून काढलेला दुसरा हॅश. आता 3 जून 2020 आठवा. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी सगळे एजंट अलिबागच्या एकाच खोलीत असतील, तर पनवेलच्या शाखेतल्या माणसालाही नवं लॉगिन मिळत नाही, त्याच्याकडे वीज आणि नेट दोन्ही असूनही. हॅश सिंकची सोय आधी करून ठेवलेली असली तरी व्यवस्था आपोआप तिकडे वळत नाही, ती वळवावी लागते. म्हणून किनाऱ्यावरच्या ऑफिसने हॅश सिंकच घ्यावं, आणि एजंटवर मुळीच अवलंबून नसलेली, फक्त क्लाउडवरची दोन अ‍ॅडमिन खाती वेगळी काढून त्यांचे पासवर्ड लिफाफ्यात बंद करून ठेवावेत.

एजंट कोणत्या मशीनवर बसवता, हेही तितकंच महत्त्वाचं. हॅश सिंकसाठी त्याच्या खात्याला डिरेक्टरीतले सगळे बदल, पासवर्डच्या हॅशसकट, मागून घेण्याचा अधिकार लागतो. ते खातं ज्याच्या हाती लागेल, त्याच्या हाती सगळं ऑफिस लागलं. म्हणजे ते मशीन डोमेन कंट्रोलरच्याच तोलाचं झालं. ते टॅलीच्या सर्व्हरवर, जिथे सपोर्टवाल्यासाठी एनीडेस्क कायम उघडं असतं, बसवणं म्हणजे जोखीम ओढवून घेणं. ‘आपल्या एवढ्याशा ऑफिसवर कोण हल्ला करणार?’ असं हमखास विचारलं जातं. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम ऑफिसचा आकार बघत नाहीत. त्यांना रिमोट डेस्कटॉपचा 3389 उघडा दिसला की पुरे.

राहिली घाई. या बाबतीत अलिबागकरांच्या घराजवळच एक उदाहरण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर, 1841 पासून चालत आलेल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे दिसत होतं. म्हणून लोखंड कटाक्षाने टाळून, पोरबंदरचा दगड वापरून अलिबागची वेधशाळा उभी राहिली, 1904 मध्ये. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, मगच जुनं थांबवलं. ट्राम धावली 1907 मध्ये. एन्ट्रा कनेक्टमध्ये याच कामासाठी स्टेजिंग मोड आहे: एजंट सगळं वाचतो, हिशेब करतो, वर मात्र काहीच पाठवत नाही. ‘दुसरा सर्व्हर आणायचा कुठून?’ ही अडचण पहिल्या बसवणुकीला लागूच होत नाही, कारण सेटअपच्या शेवटच्या पडद्यावर ‘सिंक लगेच सुरू करा’ची टिक काढून त्याच मशीनवर स्टेजिंग निवडता येतं. मग तो वर काय पाठवणार आहे त्याची यादी सीएसव्हीत काढा आणि हजेरीपट शेजारी ठेवून एकेक नाव वाचा. सोडून गेलेल्या माणसाचं खातं नव्याने तयार होताना दिसेल, एकाच व्यक्तीची दोन खाती दिसतील, स्कॅनरचं खातं माणूस म्हणून निघालेलं दिसेल. ते इथल्या डिरेक्टरीत दुरुस्त करा, यादी पुन्हा काढा, आणि तिच्यातल्या प्रत्येक ‘डिलीट’चं कारण सांगता येईपर्यंत स्टेजिंग काढू नका.