मदरबोर्ड बदलताना कार्यालयाचे दप्तर सुरक्षित कसे राखावे?

ग्रामपंचायतीचे दप्तर म्हटले की पूर्वी कापडात बांधलेल्या नोंदवह्या आणि त्यांचे लाकडी कपाट डोळ्यांसमोर येत असे. २०११ साली राज्यात ‘संग्राम’ म्हणजे ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर २०१६ मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ आली, आणि २०२० च्या एप्रिलपासून पंचायतींचे नियोजन व हिशेब ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर होऊ लागले. शाळांचीही बरीचशी माहिती आता संगणकावरच भरली जाते. त्यामुळे एक यंत्र बंद पडले की दाखले अडतात, देयके थांबतात आणि गावकऱ्यांना हेलपाटे पडतात.

संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला असे कळताच ‘आता सर्व पुसून नव्याने भरावे लागेल’ असा समज बहुतेक ठिकाणी करून घेतला जातो. तो बरोबर नाही. विंडोज ही कार्यप्रणाली, तिच्यावर चालणारे कार्यक्रम आणि कार्यालयाच्या फाइली या मदरबोर्डवर नसतात. त्या हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर असतात. बोर्ड विकत मिळतो, दप्तर विकत मिळत नाही. म्हणून दुरुस्तीचा सारा क्रम दप्तर जपण्याच्या दृष्टीनेच आखला पाहिजे.

आपल्या भागातील परिस्थिती

कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे सिमेंट उद्योगाचे गाव. चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. पारा ४५ अंशांच्या वर जाणे येथे नवलाचे नाही. मदरबोर्डवरील विद्युत घटकांपैकी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की सुमारे निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्यात पंख्यावर धुळीचा थर बसला की आतील उष्णता बाहेर पडत नाही. पावसाळ्यात विजांचा कडकडाट आणि विजेच्या दाबातील चढउतार यांची भर पडते. जिवतीच्या डोंगराळ भागात किंवा गडचिरोलीतील दुर्गम तालुक्यांत तंत्रज्ञ सहजी येत नाही. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याचे तर अनेक पावसाळ्यांत घडले आहे. अशा ठिकाणी कार्यालयातील माणसालाच निदान प्राथमिक ज्ञान असणे अगत्याचे आहे.

प्रथम निदान

यंत्र सुरू होत नाही म्हणजे मदरबोर्डच गेला असे नव्हे. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस बिघडलेला असू शकतो. रॅमची पट्टी काढून, तिचे टोक स्वच्छ करून पुन्हा बसविल्यावर यंत्र सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. बोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल संपला की तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि डिजिटल स्वाक्षरीही अडते. हा सेल अल्प किमतीत मिळतो. या तीन गोष्टी तपासून झाल्यावरच बोर्ड बदलण्याचा निर्णय घ्यावा. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते न उघडता पुरवठादाराला कळवावे.

स्क्रू काढण्यापूर्वीची कामे

पहिले काम फाइलींची प्रत घेण्याचे. यंत्र बंद असले तरी हार्डडिस्क काढून, यूएसबी जोडणीच्या पेटीत बसवून ती दुसऱ्या संगणकाला लावता येते. कर आकारणीचा नमुना ८, कर मागणीचा नमुना ९, सभांची इतिवृत्ते, शाळेचे निकालपत्रक अशा सर्व फाइली बाह्य डिस्कवर उतरवून घ्याव्यात. शक्य असेल तर संपूर्ण डिस्कचीच हुबेहूब प्रत घ्यावी. दुसऱ्या संगणकाने ही डिस्क फॉरमॅट करण्याविषयी विचारले तर होकार देऊ नये. बोर्ड दुरुस्तीसाठी दुकानात द्यावयाचा असल्यास डिस्क मात्र कार्यालयातच ठेवावी, कारण तिच्यावर नागरिकांच्या आधार व बँक खात्यांची माहिती असते.

दुसरे काम बिटलॉकरची चावी मिळविण्याचे. अलीकडच्या अनेक संगणकांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो, आणि त्या कुलपाची चावी मदरबोर्डशी संलग्न असलेल्या टीपीएम या घटकात राहते. बोर्ड बदलला की ही चावी गेली. मग पडद्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती चावी मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही मजकूर हाती लागत नाही. ही चावी बहुधा यंत्र प्रथम सुरू करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. ते खाते केंद्रचालकाचे खासगी असेल आणि तो काम सोडून गेला असेल, तर कार्यालयाचे दप्तर एका व्यक्तीच्या हाती अडकून पडते. हा धोका तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. म्हणून यंत्र चालू असतानाच ही चावी छापून कपाटात बंद लिफाफ्यात ठेवावी. बोर्ड अजून चालू असून केवळ बदलावयाचा असेल तर बिटलॉकर आधी तात्पुरते स्थगित करावे.

तिसरे काम दोन बाबी लिहून ठेवण्याचे. यंत्र जुन्या बायोस पद्धतीने सुरू होते की यूईएफआय पद्धतीने, ही पहिली बाब. डिस्कची जोडणी एएचसीआय प्रकारची आहे की रेड प्रकारची, ही दुसरी. यंत्र चालू असताना सेटअपमध्ये जाऊन दोन्ही पाहता येतात. पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले तरी पुरे.

बोर्डाची निवड

त्याच बनावटीचा व त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला तर विंडोज बहुधा काही न विचारता सुरू होते. तो न मिळाल्यास नव्या बोर्डचे सॉकेट प्रोसेसरला जुळते का, रॅम डीडीआर-३ आहे की डीडीआर-४, आणि बोर्ड पेटीत बसतो का, हे पाहावे. नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत एसएमपीएसचे जोड अनेकदा निराळे असतात, हे खरेदीपूर्वी तपासावे.

पहिली सुरुवात

नवा बोर्ड बसविल्यावर थेट विंडोजकडे न जाता आधी सेटअप उघडावे आणि लिहून ठेवलेल्या दोन्ही बाबी जुन्याप्रमाणे कराव्यात. ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश किंवा निळा पडदा येण्याचे एक मोठे कारण येथेच असते. विंडोज एक्सपीच्या काळी निराळ्या बोर्डवर जुनी डिस्क लावली की हमखास निळा पडदा येई. विंडोज १० आणि ११ मात्र नवे घटक स्वतः ओळखून घेतात. त्यासाठी पहिल्या वेळी काही मिनिटे लागतात आणि यंत्र एक-दोनदा आपोआप पुन्हा सुरू होते. या वेळी वीज बंद करू नये. तरीही अडल्यास सेफ मोडमध्ये यंत्र एकदा सुरू करून पाहावे.

नव्या बोर्डचे नेटवर्क ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवणे इष्ट ठरेल, कारण इंटरनेट नसेल तर उरलेले ड्रायव्हर उतरविता येत नाहीत. लिनक्समध्ये बहुतांश ड्रायव्हर गाभ्यातच असल्याने हा त्रास कमी होतो. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली याच कुळातील आहे.

परवान्याचा प्रश्न

विंडोज आपला परवाना यंत्राच्या घटकांवरून, विशेषतः मदरबोर्डवरून ओळखते. त्यामुळे बोर्ड बदलल्यावर ‘सक्रिय नाही’ असा संदेश येऊ शकतो. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना नव्या बोर्डवर नेता येतो. परवाना आधीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल तर सेटिंग्जमधील ट्रबलशूटरमध्ये ‘यंत्राचे भाग नुकतेच बदलले’ हा पर्याय निवडून तो पुन्हा सक्रिय करावा. यंत्रासोबत आलेला परवाना मात्र मूळ बोर्डशी बांधलेला असतो. सदोष बोर्डऐवजी निर्मात्याने त्याच किंवा समतुल्य मॉडेलचा बोर्ड दिला तर नवा परवाना लागत नाही. भिन्न बोर्ड घातल्यास तो लागू शकतो. हा खर्च अंदाजपत्रकात धरला पाहिजे. बेकायदा मार्गाने परवाना चालविणे शासकीय कार्यालयाला शोभणारे नाही आणि सुरक्षितही नाही.

विंडोज १० साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि यूईएफआय लागते. म्हणून नवा बोर्ड घेतानाच तो या अटी पूर्ण करतो का आणि प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत आहे का, हे पाहावे.

काम पूर्ण केव्हा समजावे?

पडदा उजळला म्हणजे काम झाले, असे मानू नये. तारीख व वेळ बरोबर आहे का ते पाहावे. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावून ते ओळखले जाते का ते तपासावे. प्रिंटर आणि स्कॅनर चालवून पाहावेत. युनिकोडपूर्व काळातील मराठी फाइली उघडून अक्षरे शाबूत आहेत याची खात्री करावी. नव्याने विंडोज भरावी लागली असेल तर जुने फॉन्ट पुन्हा घातल्याशिवाय त्या फाइली वाचता येत नाहीत. घेतलेली प्रत किमान एक महिना पुसू नये. बदललेल्या भागाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी आणि निकामी बोर्ड ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जाईल अशी व्यवस्था करावी.

यंत्र आज ना उद्या बिघडणारच. परंतु दर आठवड्याला घेतलेली प्रत, कपाटातील एक लिफाफा आणि सेटअपची लिहून ठेवलेली नोंद एवढी शिदोरी ज्या कार्यालयापाशी आहे, तेथे मदरबोर्ड बदलणे हे पंख्याचा कंडेन्सर बदलण्याइतके साधे काम ठरेल. येत्या मासिक सभेत ही तीन कामे कोण करणार, हे नावानिशी ठरवून घेण्यास प्रत्येक पंचायतीला व शाळेला अडचण पडू नये.