म्योंगदोंगातला पास्ता आणि गळ्यातली माळ

पोरगं कोरियात नोकरीला गेलं की गावातले बाप्ये पगार विचारतात आणि बाया विचारतात, "माय, खातो काय तो तिथं?" आमच्या दुसरबीडच्या आजूबाजूची पोरं पुण्याकडे कोरियन कंपन्यांत लागतात. रांजणगावला एलजी आहे, तळेगावला आता ह्युंदाई आली. कुणी ट्रेनिंगला म्हणून जातो, कुणी तिकडेच राहतो. मग मागून आईबाप भेटायला निघतात, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घेऊन. मीही तशीच गेले. घरात काही अडचण नव्हती, सूनबाईच्या फ्रिजमध्ये मेथीसुद्धा होती. अडचण आली ती बाहेर पडल्यावर. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं.

माझ्या गळ्यात माळ आहे. मांस, मासे, अंडं नाही. कांदा-लसूण चालतो, एकादशीला तोही नाही. मुलगा सुवॉनला असतो. तिथून एक नंबरच्या मेट्रोने सोल स्टेशन गाठायचं, तिथे चार नंबरची लाइन धरायची, की दुसरं स्टेशन म्योंगदोंग. वर आलात की १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी उसळते तशी गर्दी, फक्त इथे ती रोजची. तोंडाला लावायच्या क्रीमची दुकानं ओळीनं. दारातल्या पोरी हातात फुकटची पाकिटं कोंबून आत ओढतात. दुपार कलली की रस्त्याच्या मधोमध खाण्याच्या गाड्या लागतात. आमच्या यांना माळ नाही, त्यामुळे यांची चंगळ. मी आपली वास चुकवत चाललेली.

आता अशा ठिकाणी आपल्यासारख्यानं खायचं काय? किमची म्हणजे कोबीचं लोणचं, पण त्यात बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा अर्क असतो. म्योंगदोंगातलं १९६६ पासूनचं 'म्योंगदोंग क्योजा' हे शेवयांचं हॉटेल जगप्रसिद्ध आहे, लोक रांगा लावतात, पण तो रस्सा कोंबडीचा. बिबिंबाप नावाचा भाज्यांचा भात बरा वाटतो, तर त्यावरची लाल चटणी काही ठिकाणी गोमांसाचा खिमा घालून परतलेली असते. रस्त्यावरच्या गाड्यांवर एकाच तव्यावर सगळं. मग मुलगा म्हणाला, "आई, इटालियन खाऊ. गहू, टमाटे, लसूण आणि तेल, तुझ्याच स्वयंपाकघरातलं." बोलणं पटण्यासारखं होतं.

कोरियन लोकांना इटालियन जेवणाचं वेड आहे, हेही तिथे गेल्यावर कळलं. कोरियातलं पहिलं इटालियन हॉटेल म्हणून ज्याचं नाव घेतात ते 'ला कांतिना' १९६७ साली म्योंगदोंगच्या कडेलाच, उल्जीरोला, सॅमसंगच्या इमारतीच्या तळघरात सुरू झालं. सॅमसंगचे संस्थापक ली ब्युंग-चुल तिथले नेहमीचे गिऱ्हाईक होते असं सांगतात. पुढे १९८५ ला सोलच्या इतेवॉन भागात पिझ्झा हट आलं. २०१० साली तर 'पास्ता' नावाची मालिकाच टीव्हीवर होती, एका इटालियन हॉटेलच्या भटारखान्यातली गोष्ट. आता गल्लोगल्ली पास्ता मिळतो. पण साठ वर्षांत त्यांनी तो आपल्या जिभेचा करून घेतला आहे, जसं आपण चायनीजचं केलं. पिझ्झ्यावर रताळं, मका, कोळंबी, बुलगोगी म्हणजे मुरवलेलं गोमांस. आणि सोबत वाटीत काकडीचं गोड-आंबट लोणचं, न मागता.

आम्ही शिरलो ते मोठ्या रस्त्यावरचं हॉटेल होतं. बाहेर रंगीत फोटोंचा फलक, आत पर्यटकच पर्यटक. मुलानं माझ्यासाठी मश्रूमचा पांढऱ्या सॉसमधला पास्ता सांगितला आणि कोरियनमध्ये बजावलं, "गोगी नको." गोगी म्हणजे मांस. वाढणाऱ्या मुलीनं मान डोलावली, लिहूनही घेतलं. ताट आलं तर वर गुलाबी चौकोनी तुकडे. बेकन. मुलानं बोलावलं, ती दोनदा कमरेत वाकली, ताट आत नेलं आणि चटकन परत आणलं. इतक्या लवकर पास्ता उकळतसुद्धा नाही. चमच्यानं हलवून पाहिलं: तुकडे गेले होते, पण घट्ट सायीत त्यांचे खळगे तसेच होते आणि कडेनं तूप सुटावं तशी चरबी सुटली होती. धुराचा वास तर होताच. मी काटा खाली ठेवला. काकडीचं लोणचं आणि पाव खाऊन उठले. पैसे पूर्ण दिले.

सूनबाई चिडली, मी नाही चिडले. त्या पोरीनं फसवलं नव्हतं. तिथे 'गोगी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कापून भाजायचं मटण येतं. हॅम, बेकन, मासा, कोळंबी, कोंबडीचं पाणी हे त्या शब्दात येतंच असं नाही. आणि मला तर हे आधीच कळायला हरकत नव्हती म्हणा, कारण आमचा नागपूर-जालना रस्ता ढाब्यांचा. ढाब्यावर शेवभाजी मागवताना कुणी 'यात मटण आहे का' असं विचारत नाही. विचारतात, "रस्सा कोणत्या पातेल्यातला?" कारण फोडी काढता येतात, रस्सा काढता येत नाही. इटालियन हॉटेलातही विचारायचं ते हेच. वर काय घातलंय हे फोटोत दिसतं. सॉस कशात शिजला हे दिसत नाही.

त्यानंतर मुलानं फोनमध्ये एक चिठ्ठी कोरियन लिपीत तयार करून ठेवली. तोंडानं बोलण्यापेक्षा ती फार उपयोगी पडली, कारण वाढणारी पोरगी ती तशीच आत आचाऱ्याला दाखवते. चिठ्ठीत 'मी शाकाहारी आहे' एवढ्यावर थांबू नका. नावं घालून लिहा: गोगी (मांस), हॅम, बेकन, सेउ (कोळंबी), जोगे (शिंपले), म्योलची (बारीक मासोळी), ग्येरान (अंडं). आणि सगळ्यात ठळक अक्षरांत युकसू, म्हणजे मांसाचं पाणी, आणि चिकन स्टॉक, त्याला ते चिकन स्टॉकच म्हणतात. तिथल्या पुष्कळ भटारखान्यांत पास्ता परतताना पाण्याऐवजी चमचाभर स्टॉक जातो. नुसत्या लसूण-तेलाच्या 'आलियो ए ओलियो'लाही जातो, आणि त्यात म्योलची किंवा कोळंबी तर बऱ्याच ठिकाणी असते. चिठ्ठीच्या शेवटी एक प्रश्न घाला: सॉस तुम्ही इथेच करता का? पाकिटातला सॉस गरम करून देणाऱ्यालाच ठाऊक नसतं त्यात काय आहे. तो नम्रपणे 'आहे-नाही' काहीही सांगेल. इथेच करणारा मात्र क्षणभर थांबतो, आत जाऊन येतो आणि सांगतो की टमाट्याचा देऊ शकतो, पांढरा नाही. असं अर्धं 'नाही' सांगणाऱ्याकडे बसावं.

असे लोक मोठ्या रस्त्यावर कमी भेटतात. तिथलं भाडं भारी, त्यामुळे ताट पटकन निघावं आणि खुर्ची रिकामी व्हावी हाच हिशेब. म्योंगदोंगचं विटांचं जुनं चर्च आहे, १८९८ साली पूर्ण झालेलं. त्या चढाच्या बाजूला किंवा उल्जीरोकडे निघणाऱ्या आतल्या बोळांत चला. वर मान करून पाट्या वाचा, कारण लहान हॉटेलं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर नाहीतर तळघरात असतात. तिथे आपल्या तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, हे लक्षात ठेवलं नाही तर जिन्यांची चढउतार फुकटची. पाचसात टेबलं, भट्टी समोर, आचारी दिसतो आहे, अशी जागा आपली. नवी चप्पल घालून गेलात तर चढावर पाय बोलतील.

मोठी दुकानं आवडत असतील तर लोत्ते आणि शिनसेगे ही दोन्ही बहुमजली दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिनसेगेची जुनी इमारत १९३० ची, जपानी अमलातली. दोन्हींत तळघरात खाण्याचा बाजार आणि वरच्या मजल्यांवर बसून जेवायची हॉटेलं. तिथे घाई कमी, विचारायला वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकडी आणि स्वच्छ संडास. ला कांतिनासारख्या जुन्या ठिकाणी जायचं तर आधी फोन करून सॉसचं विचारून घ्यावं. ते बैठकीचं, खर्चिक जेवण.

वेळेचंही सांगते. बरीच हॉटेलं दुपारी ३ ते ५ बंद असतात. उपाशी फिरून चार वाजता जेवायला गेलात तर दारावर पाटी. साडेअकराला किंवा संध्याकाळी पाचच्या ठोक्याला जावं. तेव्हा आचारी मोकळा असतो, चिठ्ठी नीट वाचतो. साडेसातला तीच चिठ्ठी दाखवलीत तर तुकडे वेचून मिळतील.

रस्ता सापडेना झाला तर लाल कपड्यांतली मदतनीस मंडळी म्योंगदोंगात फिरत असतात. इंग्रजी, चिनी, जपानी बोलतात. आपली मराठी नाही, पण चिठ्ठी त्यांनाही दाखवता येते. १३३० हा पर्यटकांच्या मदतीचा फोन. मुलं कामावर असताना आम्ही दोघंच फिरत होतो तेव्हा मला त्या नंबरचाच आधार वाटायचा. आम्ही गेलो तेव्हा गुगलचा नकाशा तिथे पायी वाट दाखवत नव्हता, त्यामुळे नेव्हर मॅप घेऊन ठेवा.

मागवायचं काय? टमाट्याचा पास्ता, पोमोदोरो. नाहीतर मार्गेरिता पिझ्झा. मरिनारा नावाचा पिझ्झा खऱ्या इटालियन रीतीनं नुसता टमाटे, लसूण, ओरेगानो आणि तेलाचा, चीजसुद्धा नाही. पण कुठे कुठे नावावरून समुद्रातलं काहीतरी घालतात, म्हणून विचारा. वाळवलेला पास्ता रवा-पाण्याचा असतो, तो चालतो. 'ताजा पास्ता' म्हणून कौतुकानं आणतील त्यात बहुधा अंडं असतं. कार्बोनारा, वोंगोले, बोलोन्येज ही नावं दिसली की पान उलटा. गोरगोंझोला पिझ्झा हा तिथला फार लाडका प्रकार, पातळ पोळी आणि मधात बुडवून खायची. आमच्या नातीनं मध बोटानं चाटून संपवला.

आता चीजची गोष्ट, आणि ही माळकऱ्यांनी नीट वाचावी. खरं पार्मेजान आणि खरं गोरगोंझोला वासराच्या जठरातलं रेनेट घालूनच बनतं, तो त्यांचा नियमच आहे. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त असतो. कोरियात सर्व पदार्थांवर सक्तीचा असा ठिपका नाही. मोठ्या पिझ्झा कंपन्यांना मात्र ॲलर्जीची यादी लावावी लागते. त्यात डुक्कर, गाय, कोंबडी, कोळंबी, अंडं ही नावं कोणत्या पिझ्झ्यात आहेत ते समजतं. ती यादी ॲलर्जीवाल्यांसाठी आहे, पण आपण आपल्या कामाला वापरायची. रेनेट त्यात कळत नाही. मी हे ऐकल्यावर तिथे चीज सोडलं आणि बिनचीजचा पोमोदोरो खात राहिले. सूनबाई खाते. ज्याची त्याची माळ.

पैशाचं म्हणाल तर पास्त्याला १५ ते २० हजार वोन धरून चाला. हजार वोनचे आपले साधारण ६०-६५ रुपये. ऐकून आमच्या यांनी गावाकडच्या कांद्याचा भाव काढला होता, पण कर त्यातच असतो आणि टिप देत नाहीत. ठेवलीत तर मागे धावत येऊन परत करतात. पाणी पुष्कळ ठिकाणी आपणच घ्यायचं, टेबलावर बटण असलं तर दाबायचं, 'अहो भाऊ' म्हणून हात हलवायची गरज नाही. काही हॉटेलांत माणशी एक पदार्थ घ्यावाच लागतो, तेव्हा पोट भरलेलं असेल तर सोबत बसायला जाऊ नका. काकडीचं लोणचं पुन्हा मागितलं तर फुकट देतात. ते मात्र मी पोटभर खाल्लं, भाकरी असती तर आणखी बरं झालं असतं.

एखाद्या दिवशी इटालियनचाही कंटाळा येतो. तेव्हा मेट्रोनं इन्सादोंगला जा. तिथे जोग्ये बौद्ध पंथानं चालवलेलं 'बालू गोंगयांग' आहे. भिक्षूंचं जेवण, मांस-मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आमच्या एकादशी सोडणाऱ्यांची तिथे उत्तम सोय. महाग आहे आणि आधी जागा धरावी लागते.

जेवणानंतर गोड खायचा मोह होतोच. तिरामिसूत अंडं असतं. पन्ना कोत्तात जिलेटिन, म्हणजे हाडं-चामडं उकळून काढलेलं. दोन्ही सोडा आणि बाहेर पडून बिंगसू मागा: दुधाचा बर्फ किसून त्यावर शिजवलेली गोड लाल चवळीसारखी डाळ आणि तांदळाचे मऊ तुकडे. एवढा मोठा वाडगा असतो की तिघांत एक पुरे. वर जेलीचे रंगीत तुकडे टाकणार असतील तर तेवढे नको म्हणा.