घोड्याची शस्त्रक्रिया: पैसे कुठे लागतात आणि कुठे वाचवू नयेत

घोडा खच्ची करायचं ठरलं की मालकाचा पहिला प्रश्न असतो, 'डॉक्टर, किती होतील?' उत्तर मिळतं ते शस्त्रक्रियेपुरतं. पण घोड्याच्या बाबतीत चाकू चालतो तो वेळ थोडा. खरा धोका असतो भूल उतरताना आणि पुढच्या आठवड्यात, आणि मालक नेमका तिथेच हात आखडतात.

फीचे दर गावोगाव वेगळे. औषधांचं बिल मात्र सगळीकडे वजनावर चढतं. तंग बांधतो त्या जागी छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, हे झालं किलोतलं वजन. घेर १६५ आणि लांबी १५० भरली, तर घोडा साधारण ३४४ किलोचा. भुलीचं औषध केटामाइन किलोमागे सुमारे २.२ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे त्याला एका वेळेस साडेसातशे मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमची एक बाटली पुरत नाही, आणि काम लांबलं तर पुन्हा द्यावं लागतं. हा हिशेब बिल समजावं म्हणून. डोस डॉक्टरच ठरवतील.

अंदाजपत्रक कागदावर मागा. त्यात भूल, शस्त्रक्रिया, धनुर्वाताची लस, वेदनाशामक, दुसरी भेट आणि रात्री बोलावलं तर काय, हे वेगवेगळं लिहून घ्या. धनुर्वाताची लस कधीही टाळू नका, घोड्याइतका हा रोग क्वचितच दुसऱ्या जनावराला बाधतो. सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं, तरी काही औषधं बाहेरून आणावी लागू शकतात, त्याची यादी आदल्या दिवशी घ्या. माथेरानसारख्या ठिकाणी घोड्यावरच घर चालतं, तिथे बुडणारा रोजही याच खर्चात धरा.

भुलीचा धोका किती? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पोटशूळाची प्रकरणं वगळूनही, भूल दिलेल्या साधारण ११० घोड्यांमागे एक सात दिवसांच्या आत दगावला होता. मोठी कारणं दोन: हृदय बंद पडणं आणि उठताना हाड मोडणं. म्हणून जागा मऊ हवी. घोडा आडवा असताना म्होरकी काढून ठेवा. तिची कडी गालाखाली दबली तर चेहऱ्याची नस दुखावते आणि ओठ एका बाजूला लोंबतो. खालचा पुढचा पाय पुढे ओढून ठेवायला सांगा.

आणि उठायची घाई करू नका. आधी कान हलतात, मग तो छातीवर येतो, मान डोलते. एखादा हौशी माणूस इथेच पाठीवर थाप मारून 'उठ, उठ' करतो. त्याला लांब उभं करा. गडबडीत उठलेला घोडा पाय अडखळून पुन्हा कोसळतो, त्यातच हाड जातं. शांतता ठेवायला एक रुपया लागत नाही.

उठल्यावर मांडीचे किंवा खांद्याचे स्नायू दगडासारखे कडक लागले, घाम फुटला, लघवी कॉफीसारखी काळपट झाली, तर स्नायूंना इजा झालेली असू शकते. लगेच डॉक्टरांना कळवा.

जखमेतून थेंब मोजता येतील इतकं रक्त गळणं चालतं. सलग धार १५ मिनिटांनंतरही थांबली नाही, तर फोन करा. जखमेतून आतड्यासारखं काही लोंबताना दिसलं तर घोडा जागचा हलवू नका. स्वच्छ ओल्या चादरीत ते सांभाळून धरा आणि डॉक्टरांना तातडीने बोलवा. असं बहुतेकदा पहिल्या काही तासांतच होतं, म्हणून तेवढा वेळ घोड्याजवळच थांबा.

पहिला दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर सांगतील तसं रोज फिरवा, सूज त्यानेच आटोक्यात राहते. सकाळ-संध्याकाळ जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजा. मिनिटाला २८ ते ४४ ठीक. स्वस्थ उभा असूनही ती ४८ च्या वर टिकली, ताप १०२ फॅरनहाइटपर्यंत गेला किंवा दिवसभर लीद पडली नाही, तर उद्यावर ढकलू नका. डॉक्टर मिळत नसतील तर पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक लावून बघा.

माझं मत स्पष्ट आहे. डॉक्टर जी रक्कम सांगतील, तेवढीच आणखी बाजूला ठेवा. ती हाताशी नसेल तर खच्चीकरणाचं काम महिनाभर पुढे ढकला. त्याला तातडी नसते.