खंड्याच्या तापाचं बिल

‘कुत्रं वाचलं ना, मग आता कशाला उगाळत बसलाय?’ असं घरातले म्हणतात, दुकानावर येणारे म्हणतात, आणि ज्या भाच्याने मला त्या हॉस्पिटलचा पत्ता दिला तोही म्हणतो. उगाळतो, कारण माझा राग अजून उतरलेला नाही. दुसरं कारण असं की माजलगाव, गेवराई, धारूर, वडवणी या आपल्या पट्ट्यात आता आखाड्यावरच नाही तर घरोघरी कुत्री-मांजरं सांभाळली जातात, आणि ही वेळ उद्या कुणावरही येऊ शकते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मोठ्या शहरातलं, काचेच्या दाराचं, एवढं पुरे.

खंड्या गावठी, शेतावरच वाढलेला. पावसाळ्याच्या शेवटी त्याने भाकरीला तोंड लावणं सोडलं आणि एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त आलं. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर खरं तर बैल-म्हशींच्या कामात बुडालेले, पण त्यांनी वेळ काढला. खंड्याचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या, त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पोटाखालचे केस बाजूला सारून बारीक लाल ठिपके दाखवले. म्हणाले, ‘हा गोचिडांचा ताप दिसतोय. रक्तातल्या प्लेटलेट मोजायला हव्यात, पण ते मशीन माझ्याकडे नाही. मोठ्या ठिकाणी न्या.’ आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: गोचीड ताप, पुढे प्रश्नचिन्ह. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

त्या मोठ्या हॉस्पिटलात ती चिठ्ठी मी तरुण डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती पुरती वाचलीसुद्धा नाही. ‘काका, आम्ही आमच्या पद्धतीनं जातो,’ म्हणाले. पंधरा हजार आगाऊ भरा, इथे सही करा. कागद सगळा इंग्रजीत. खर्च किती येईल असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तुम्हाला कुत्र्याचा जीव महत्त्वाचा की पैसे?’

हे वाक्य ऐकून माणूस गप्प होतो, आणि ते त्यासाठीच बोललं जातं. गावाकडे लोक उलट बाजूने बोलतात, ‘एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या.’ या दोन बोलण्यांच्या मध्ये जनावर सांभाळणारा सापडतो आणि कुठेच तोंड उघडत नाही. माझं म्हणणं साधं आहे. किती लागतील हे विचारणाऱ्याला जनावराची माया नसते असं कुठे आहे? आईला दवाखान्यात घातलं तेव्हाही मी विचारलंच होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी नीट सांगितलंही होतं.

आता खंड्याला तिथे ठेवलं त्या रात्रीचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. भाच्याच्या घरी झोप लागेना म्हणून उजाडायच्या आत मी हॉस्पिटलच्या दारात जाऊन बसलो. झाडलोट करणाऱ्या बाईंनी दया येऊन मला आत घेतलं. खंड्या पिंजऱ्यात आडवा होता. वर सलाईनची बाटली टांगलेली. तिच्यावर पांढरी चिकटपट्टी, आणि त्या पट्टीवर बॉलपेनने रेघ मारून रात्री नऊची वेळ लिहिलेली. बाटलीतलं पाणी बरोबर त्या रेघेवर होतं. नऊ वाजल्यापासून एक थेंबही उतरला नव्हता. सुई शिरेतून सरकलेली होती आणि पुढचा पाय पंजापासून कोपरापर्यंत सुजून टणक झाला होता. मी बाईंना विचारलं, रात्री इथे कोण असतं? त्या खाली बघून म्हणाल्या, ‘वॉचमन असतो की.’

मी त्या बाटलीचा मोबाईलवर फोटो काढला. पुढे जे काही बोलता आलं ते त्या फोटोच्या जोरावर.

डॉक्टर आल्यावर फोटो दाखवला. ‘असं होतं कधी कधी, पेशंट हालचाल करतो,’ एवढंच उत्तर. पेशंट हालचाल करतो हे मान्य, पण ती बघायलाच तर रात्री माणूस लागतो. त्याच दिवशी दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. निदान काय निघालं? गोचीड ताप. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी ओठ वर करून जे सांगितलं होतं तेच. त्यावरचं मुख्य औषध, डॉक्सीसायक्लीन, तोवर सुरूच झालेलं नव्हतं. साधी गोळी असते, साधारण चार आठवडे वजनाच्या मापाने नेमाने द्यावी लागते, आणि तिची पट्टी मला शंभराच्या आत मिळाली. खंड्या वाचला तो त्या गोळीने आणि वेळेत झालेल्या निदानाने. निदान ज्यांचं होतं, त्यांनी माझ्याकडून घेतले ते केसपेपरचे किरकोळ पैसे.

बिल आलं ३४,५७४ रुपयांचं. मी कृषी सेवा केंद्र चालवतो, दिवसभर बिलंच फाडतो, त्यामुळे बिल कसं वाचायचं हे मला कुणी शिकवायला नको. कीटकनाशकाची एक बाटली विकली तरी तिचा बॅच नंबर आणि मुदत मला बिलावर घालावी लागते. इथे इंजेक्शनांची नुसती नावं, बॅच नाही, किती दिलं ते नाही. ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून एकाच ओळीत ४,३०० रुपये. पार्व्होची तपासणी लावलेली, खंड्याची सगळी लसीकरणं झालेली असताना आणि हगवण-उलटीचं एकही लक्षण नसताना. आणि ‘नाईट मॉनिटरिंग’, दर रात्रीचे १,५००. त्या रात्रीचेसुद्धा.

सगळ्यात शेवटी पूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या उपचारसेवेला जीएसटी माफ आहे. तो लागतो औषधांवर, आणि दवाखान्यात विकायला ठेवलेल्या खाद्यावर, पट्ट्यावर. मी तिथूनच आमच्या सीएंना फोन लावला आणि फोन काउंटरवरच्या मुलाच्या हातात दिला. तो आत जाऊन आला आणि ‘सिस्टीममधून आपोआप येतं’ म्हणत ती ओळ काढून टाकली. पाच हजारांच्या वरची रक्कम होती ती. माफी नाही, काही नाही. माझ्या आधी जे भरून गेले त्यांचं काय, हे विचारलं तेव्हा त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. रात्रीच्या देखरेखीचे पैसे मात्र सोडले नाहीत. ते दिल्याशिवाय पिंजरा उघडणार नाही म्हणाले, आणि रिपोर्ट मागितले तर ‘फाईल हॉस्पिटलची असते’. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो, तेव्हा कुठे झेरॉक्स मिळाल्या.

पुढची तपासणी परभणीला केली. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली चालतं. शिकणारी मुलं गराडा घालतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात, वेळ जातो. पण तिथल्या मॅडमनी रक्ताचे आकडे मला मराठीत समजावले, आणि तपासणीचे पैसे त्या हॉस्पिटलच्या एका रात्रीपेक्षा कमी झाले. माजलगावहून परभणी कितीतरी जवळ. भाच्याच्या आग्रहाखातर आम्ही उलट्या दिशेला गेलो होतो. आष्टी-पाटोद्याकडच्यांना परभणी लांब पडेल, पण अंबाजोगाई-परळीकडच्यांना परभणी आहे आणि उदगीरचं महाविद्यालयही आहे. ताप, अंगावर गाठ, लंगडणं, खरूज असल्या दुखण्यांना आधी तिथे जा. श्वास लागला, गाडीने उडवलं, विषबाधा झाली तर मात्र जवळ जो पशुवैद्य असेल तो गाठा, तिथे पैशाचा हिशेब करत बसू नका.

दाखल करायची वेळ आलीच तर तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको: रोजचा अंदाजे खर्च, कोणती तपासणी कशासाठी, आणि रात्री डॉक्टर हजर असतो की फोनवर असतो. लिहून देत नसतील तर तिथे जनावर सोडू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक बघा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ सालचा आहे आणि त्याप्रमाणे पदवीधर डॉक्टरची परिषदेकडे नोंदणी असावीच लागते. तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करता येते. पैसे मोजून घेतलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. मी बिल, झेरॉक्स आणि फोटो एका पिशवीत बांधून ठेवले आहेत, आणि वकिलांशी बोलणं चालू आहे.

लसीचं तर सांगायलाच नको. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, मग दरवर्षी. काही शेकड्यांत काम होतं. ६ जुलै आणि २८ सप्टेंबरच्या आसपास बऱ्याच ठिकाणी ती फुकट टोचण्याची शिबिरं होतात, जवळच्या दवाखान्यात आधी विचारून ठेवा. (६ जुलै का, तर १८८५ साली त्या दिवशी पाश्चरने कुत्रं चावलेल्या पोराला पहिली लस दिली.) लस टोचल्यावर कुपीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या, त्यावर बॅच आणि मुदत असते. आणि लस कुठून काढली ते डोळ्यांनी बघा. ती दोन ते आठ अंशात राहायला हवी. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको.

आता गोचिडांचं, कारण हे माझ्या धंद्याशी येऊन भिडतं. लोक माझ्या काउंटरवर येऊन कुत्र्याच्या गोचिडांसाठी कपाशीवरचं औषध मागतात. मी देत नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तरी वापरू नका. फवाऱ्याच्या औषधाने गोचिडांच्या आधी कुत्रं मरतं. कुत्र्यासाठीचं वेगळं औषध असतं, ते पशुवैद्याला विचारून घ्या, आणि नुसतं अंगावर लावून भागत नाही. गोचिडी भिंतीच्या फटीत आणि बसायच्या पोत्यात अंडी घालतात. पोतं जाळा, फटी लिंपून घ्या. कुत्र्याचं औषध मांजराला तर कधीच लावू नका. परमेथ्रीन असलेलं औषध कुत्र्याला चालतं, पण मांजराला ते विष आहे. तापावरची पॅरासिटामॉलसुद्धा मांजराच्या जिवावर उठते, एक गोळी पुरते. आमच्या गल्लीतलं एक पांढरं मांजर असंच गेलं, मेडिकलवाल्याने ‘अर्धी द्या’ म्हणून सांगितलेलं होतं. बोका लघवीला बसून ओरडत असेल आणि थेंबही येत नसेल तर सकाळची वाट बघू नका. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जातो.

स्वच्छ पाणी ठेवा, शिळंपाकं घालू नका, वरचेवर जंताचं औषध द्या. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. आणि एक डबा करून त्यात महिन्याला दोन-तीनशे रुपये टाकत जा.

राग माझा त्या एका हॉस्पिटलवरच आहे असं नाही. २०२१ च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यातल्या लवूळला माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, छतांवर नेत होती, तेव्हा देशभरातले कॅमेरे इथे आले. वनखात्याने दोन माकडं पकडून नेली, कॅमेरे परत गेले. याच भागातल्या कुत्र्याला ताप आला तर रक्त तपासायला शंभर किलोमीटर का जावं लागतं, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. परळीला पशुवैद्यकीय महाविद्यालय काढायला २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आहे. ते उभं राहील तेव्हा राहील. तोवर निदान तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायचं एक मशीन द्या. ते शेळ्या-म्हशींनाही लागतंच.

माणसांच्या खाजगी रुग्णालयांनी आपले दर दर्शनी भागात लावावेत असा राज्याचा नियम २०२१ पासून आहे. जनावरांच्या खाजगी हॉस्पिटलांना तो लागू नाही, म्हणून काउंटरवरचा पोरगा जीव की पैसे असं विचारू शकतो. तो नियम यांनाही लावा, अशी मागणी मी आमदारांना आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना लेखी दिली आहे. ज्यांच्याकडे असली बिलं पडून असतील त्यांनी ती फेकू नयेत. आपापल्या तालुक्यातून असाच अर्ज करावा आणि सोबत बिलाची झेरॉक्स जोडावी.