लेसर कोरणी यंत्राची शक्ती क्षीण होते तेव्हा

भीमजयंतीच्या तोंडावर आमच्या प्रयोगशाळेतील लेसर कोरणी यंत्र अकस्मात निस्तेज झाले. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून घेतलेले हे यंत्र प्लायवुडच्या पाट्यांवर अक्षरे व अशोकचक्र कोरण्याचे काम करीत असे. जी रेघ पूर्वी काळीभोर उमटत असे, ती आता फिकट तपकिरी उमटू लागली. यंत्र शेवटी हाताळणारा विद्यार्थी इयत्ता आठवीतील होता. त्याने भिंगाचे अंतर बदलल्याचे काहींनी पाहिले होते. तेवढ्या आधारावर आम्ही त्याला आठ दिवस प्रयोगशाळेबाहेर ठेवले. ज्या आश्रमात प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ शिकविला जातो, तेथे कारण न शोधता कर्ता ठरविला गेला, याची नोंद प्रारंभीच करून ठेवणे आम्हांस उचित वाटते.

लेसरचे कुळ प्रथम ओळखावे. १९६० साली थिओडोर मायमन यांनी पहिला लेसर प्रत्यक्षात आणला. कर्बवायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा लेसर १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी सिद्ध केला. ते मूळचे बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्या जातीच्या यंत्रात काचेची नळी, आरसे, थंड पाण्याचे अभिसरण आणि हजारो व्होल्टचा पुरवठा असतो. विद्यार्थ्यांनी त्याचे झाकण उघडू नये, एवढेच येथे सांगतो. आमचे यंत्र डायोडचे आहे. त्यातून सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा किरण निघतो. हा किरण डोळ्यांना दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः त्याचे परावर्तनही दृष्टिपटल जाळू शकते. त्या तरंगलांबीसाठीच बनविलेला चष्मा घातल्याशिवाय पुढील कोणतीही चाचणी करू नये.

सुदैवाने यंत्र आले त्या दिवशी आम्ही एक पट्टी कोरून ठेवली होती: एकाच वेगाने, दहा टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत शक्ती वाढवीत, दहा चौकोन. त्याच जातीच्या प्लायवुडवर तीच पट्टी पुन्हा कोरली. नव्या पट्टीतील शंभर टक्क्यांचा चौकोन जुन्या चाळीस टक्क्यांच्या चौकोनाएवढाच काळा होता. तक्रारीला असे मोजमाप मिळाले की अर्धे काम होते.

सर्वांचा पहिला संशय विजेवर गेला. जालन्याच्या उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे मिणमिणतात, हे खरे. परंतु यंत्राचा अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा कोणताही पुरवठा घेऊन बाहेर २४ व्होल्टच देतो. मल्टिमीटर लावून पाहिले. किरण पूर्ण शक्तीवर चालू असतानाही काटा २३.८ च्या खाली गेला नाही. दुसरा संशय संगणकावर. यंत्र कमाल शक्ती १००० या आकड्याने समजत असेल आणि संगणक कमाल म्हणून २५५ पाठवीत असेल, तर सर्व चौकोन चतुर्थांश शक्तीवर कोरले जातात आणि यंत्र मात्र पूर्ण निर्दोष असते. हा घोटाळा नवशिक्यांत फार आढळतो. आमच्याकडे दोन्ही आकडे १००० होते.

मग भिंग. किरणाचा ठिपका ०.१ मिलिमीटरऐवजी ०.२ मिलिमीटरचा झाला, तर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि तीव्रता एक चतुर्थांश उरते. म्हणून अंतरातील लहानशी चूकही शक्ती गेल्यासारखी भासते. याची परीक्षा सोपी आहे. लाकडी पट्टीचे एक टोक उंच करून तिच्यावर एक लांब रेघ ओढावी. जेथे रेघ सर्वांत बारीक उमटेल, तेथील उंची हेच खरे अंतर. आम्ही ती रेघ ओढली, आणि सर्वांत बारीक जागा नेमकी त्या मुलाने लावलेल्या अंतरावर निघाली. त्याने अंतर बिघडविले नव्हते. उलट सैल झालेला स्क्रू आवळून ते नीट केले होते. त्याला वर्गातून बोलावून सर्वांसमक्ष ही रेघ दाखविली आणि क्षमा मागितली. पुढची तपासणी त्यानेच केली.

रेघ योग्य अंतरावरही धूसर होती. कडा तिखट नव्हत्या. त्याने भिंगापुढील संरक्षक काच काढली. तिच्यावर तपकिरी काजळीचा थर होता. एमडीएफमधील गोंद जळताना निघणारा चिकट धूर तेथे बसला होता. तो अडविण्यासाठी यंत्राला हवेच्या झोताची नळी असते. ती आम्हीच काढून ठेवली होती, कारण पंपाच्या घरघरीने सायंवंदनेत व्यत्यय येत असे. काच स्वच्छ करण्याचा पहिला प्रयत्न एका शिक्षकाने हात धुण्याच्या सॅनिटायझरने केला. त्यातील ग्लिसरीनचा पातळ थर काचेवर राहिला आणि किरणाने भाजून अधिकच पक्का झाला. अखेर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरावी लागली. प्रत्येक वेळी नवी काडी, हलका हात, आणि काच पूर्ण कोरडी होईपर्यंत वीज बंद.

पुन्हा पट्टी कोरली. पहिले चौकोन उत्तम आले, पण अर्ध्या तासाने घेतलेली दुसरी पट्टी फिकी होती. तापल्यावर डायोडचा प्रकाश कमी होतो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू गच्च बसले होते. मऊ ब्रशने ते काढले. चैत्रातील दुपार टाळून काम पहाटे करण्याचेही ठरविले.

इतके करूनही जुन्या पट्टीशी पूर्ण मेळ बसला नाही. सुमारे दहावा हिस्सा कमी राहिला. ते डायोडचे वय. त्याला उपाय नाही, हिशेब मात्र आहे. दहा वॉटचा किरण सेकंदाला ५० मिलिमीटर चालला, तर प्रत्येक मिलिमीटरला ०.२ ज्यूल ऊर्जा मिळते. शक्ती नऊ वॉट उरली असेल, तर वेग ४५ वर आणावा. ऊर्जा तेवढीच राहते. (डब्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा कित्येकदा यंत्र खेचते त्या विजेचा असतो, प्रकाशाचा नव्हे. खरेदी करताना हे विचारून घ्यावे.) नवा लेसर भाग मागविण्याचा प्रस्ताव तेथेच मागे पडला.

जयंतीच्या पाट्या वेळेत झाल्या. पंप आता वंदनेनंतर चालू होतो. रेक्झिनवर कोरून देण्याची काहींची मागणी आम्ही नाकारतो, कारण पीव्हीसी जळून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रालाही गंज चढवितो. जुनी पट्टी झाकणाच्या आत चिकटवलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्याशेजारी नवी पट्टी धरून पाहण्याचे काम त्याच विद्यार्थ्याकडे आहे. वहीत तारीख आणि निरीक्षण तोच लिहितो.