निवृत्त खासदाराची सभागृहातली खुर्ची

प्रश्न : कॅनडात एका खासदाराला निवृत्तीनंतरही सभागृहात बसायला कायमची जागा दिली होती, असे ऐकले. ते कधी मंत्रीही नव्हते म्हणे. मग हा मान कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकलेत ते खरे आहे. त्यांचे नाव स्टॅनली नोल्स. 1984 मध्ये पंतप्रधान पिएर त्रुदो यांच्या पुढाकाराने त्यांना सभागृहाच्या मधोमध, सचिवांच्या टेबलाशी बसण्याचा तहहयात मान मिळाला. त्रुदो लिबरल पक्षाचे, तर नोल्स आयुष्यभर विरोधी बाकांवरचे.

नोल्स छापखान्यात जुळारी होते, मग धर्मोपदेशक झाले. खासदारकीच्या निवडणुकीत दोनदा हरल्यावर 1942 च्या पोटनिवडणुकीत ते विनिपेग नॉर्थ सेंटरमधून निवडून आले. पक्ष 'सीसीएफ', म्हणजे शेतकरी-कामगारांचा समाजवादी पक्ष. ही जागा पक्षाचे संस्थापक जे. एस. वूड्सवर्थ यांच्या निधनाने रिकामी झाली होती. वृद्धांच्या पेन्शनचा वूड्सवर्थ यांचा आग्रह नोल्स यांनी पुढे चालवला. 1927 च्या कायद्याने मिळणाऱ्या पेन्शनसाठी म्हाताऱ्यांना आधी आपली गरिबी सिद्ध करावी लागे. 1952 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, ऐपतीची चौकशी न करता, महिना 40 डॉलर मिळू लागले. कायदा लिबरल सरकारने केला. पण त्यामागे वर्षानुवर्षे तोच प्रश्न लावून धरणाऱ्यांत नोल्स अग्रभागी होते, आणि रक्कम वाढवा हा त्यांचा धोशा पुढेही थांबला नाही.

सभागृहाचे नियम त्यांना तोंडपाठ होते. लहान पक्षाकडे मते नसतात, त्याला नियमांचाच आधार असतो. 1956 च्या मे महिन्यात गॅसवाहिनीचे विधेयक आले. बहुतांशी अमेरिकी मालकीच्या कंपनीला सरकार कर्ज देणार होते, आणि चर्चा नीट सुरू होण्याआधीच ती आटोपण्याची नोटीस दिली गेली. नोल्स आणि सहकाऱ्यांनी हरकतींमागून हरकती घेतल्या. 31 मे रोजी अध्यक्ष रेने बोदुआँ यांनी विरोधकांचा एक प्रस्ताव चर्चेला घेतला. ती चर्चा चालू राहिली असती तर सरकारचे वेळापत्रक कोलमडले असते. दुसऱ्या दिवशी त्याच अध्यक्षांनी आपली चूक झाल्याचे सांगून कामकाज आदल्या दिवशीच्या सव्वापाचच्या स्थितीवर मागे नेले! विरोधक अध्यक्षांच्या आसनापर्यंत धावून गेले. तो दिवस 'काळा शुक्रवार' म्हणून ओळखला जातो. विधेयक मंजूर झाले खरे, पण पुढच्याच वर्षी लिबरलांची 22 वर्षांची सलग सत्ता गेली.

नवे पंतप्रधान डीफनबेकर यांनी नोल्सना सभागृहाचे अध्यक्षपद देऊ केले. त्यांनी ते नाकारले. अध्यक्षाला कोणाची बाजू घेऊन बोलता येत नाही. नोल्ससारख्या माणसाला ते कसे मानवणार? मला तर त्यांच्या कारकिर्दीतला हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. 1958 मध्ये याच डीफनबेकर यांच्या लाटेत ते पडले आणि 'सीसीएफ' 25 वरून 8 जागांवर आला. मग कामगार संघटनेत राहून त्यांनी 1961 मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पार्टीच्या उभारणीत भाग घेतला आणि 1962 ला त्याच मतदारसंघातून परत आले, ते थेट 1984 पर्यंत. यातली बहुतेक वर्षे मल्टिपल स्क्लेरोसिस हा चेतासंस्थेचा आजार त्यांच्या सोबतीला होता. 1997 मध्ये ते वारले.

कॅनडाच्या संसदेचे जुने कामकाज इंटरनेटवर खुले आहे. सवड काढून 1 जून 1956 चा दिवस जरूर वाचा.